मराठी ई-पुस्तके

मराठी ई-पुस्तके म्हणजे संगणक, भ्रमणध्वनी, टॅबलेट किंवा खास वाचनयंत्र यांच्या पडद्यावर वाचता येतील अशा अंकीय स्वरूपात प्रकाशित झालेली मराठी भाषेतील पुस्तके होत. बोलण्यात त्यांना 'ई-बुक' असेच म्हटले जाते. छापील पुस्तकाची अंकीय आवृत्ती आणि मुळातच केवळ अंकीय रूपात प्रसिद्ध झालेले पुस्तक, या दोहोंचा त्यांत समावेश होतो.

मराठीत विनामूल्य ई-पुस्तकांचा प्रसार आधी झाला आणि विक्री नंतर स्थिरावली. डिसेंबर २०१६ मध्ये ॲमेझॉनच्या किंडल दुकानात मराठी पुस्तके आल्यानंतर विक्रीला गती मिळाली. मात्र २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा असलेल्या मराठीत ही वाढ वाचकांच्या आवडीनिवडीवरच अवलंबून राहिलेली नाही. जुन्या संगणकीय टंकांत अडकलेला मजकूर, ई-हक्कांचा उल्लेख नसलेले जुने करार, कराचे दर आणि अनधिकृत प्रतींचा प्रसार हे घटकही तितकेच निर्णायक ठरले आहेत.

पार्श्वभूमी

अमेरिकेत मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये त्या देशाच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मजकूर संगणकावर उतरवला. 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' या उपक्रमाचा तो आरंभ होता व ई-पुस्तकांचा इतिहास सामान्यतः तेथून सांगितला जातो. व्यापारी विक्रीला खरे बळ ॲमेझॉनने नोव्हेंबर २००७ मध्ये किंडल हे वाचनयंत्र बाजारात आणल्यावर मिळाले. मे २०११ मध्ये, आपण अमेरिकेत विकलेल्या दर १०० छापील पुस्तकांमागे १०५ किंडल पुस्तके विकली जात असल्याचे ॲमेझॉनने जाहीर केले. त्या काळी छापील पुस्तकाचे दिवस भरले, असे भाकीत अनेकांनी केले. प्रत्यक्षात २०१३ च्या सुमारास तेथील वाढीचा वेग मंदावला आणि छापील व अंकीय पुस्तके शेजारी शेजारी नांदू लागली.

मराठीत पडद्यावरील वाचनाची सवय लागली ती प्रथम संकेतस्थळांमुळे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'मायबोली' या संकेतस्थळाने परदेशस्थ मराठी वाचकांना एकत्र आणले. छापील पुस्तक परदेशी मागवण्याचा टपालखर्च कित्येकदा पुस्तकाच्या किमतीहून जास्त होत असल्याने या वाचकवर्गाला अंकीय मजकुराची निकड अधिक होती. १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाने सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपराही पुढे आंतरजालावर आली. केवळ पडद्यावर वाचण्यासाठी तयार केलेले दिवाळी अंक निघू लागले. 'डिजिटल दिवाळी' हा त्यांपैकी एक होय.

टंक आणि युनिकोड

मराठी ई-पुस्तकांच्या वाटचालीतील सर्वांत मोठी तांत्रिक अडचण जुन्या अक्षरजुळणीतून आली. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात खिळ्यांची जुळणी मागे पडून मराठी पुस्तके संगणकावर जुळवली जाऊ लागली. त्यासाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची 'श्रीलिपी', सी-डॅकची 'आयएसएम' आणि 'आकृती' यांसारख्या प्रणाली वापरल्या जात. यांतील बऱ्याच टंकांची रचना अशी होती की, रोमन अक्षरांसाठी राखलेल्या संकेतांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. कागदावर अक्षर सुबक उमटे, पण संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नसेच. टंक बदलताच पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची निरर्थक सरमिसळ दिसे. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी होती.

युनिकोड या जागतिक प्रमाणात देवनागरीचा समावेश १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासूनच होता. तरी मुद्रणव्यवसायाने जुने टंक दीर्घकाळ सोडले नाहीत, कारण युनिकोडमधील जोडाक्षरांची सफाईदार मांडणी करू शकणारी पृष्ठरचनेची साधने उशिरा आली. परिणामी दोन-तीन दशकांतील हजारो मराठी पुस्तकांच्या संगणकीय धारिका प्रकाशकांकडे असूनही ई-पुस्तकासाठी तशाच्या तशा उपयोगी पडल्या नाहीत.

रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. पण त्यांनंतर पुन्हा मुद्रितशोधन करावे लागते. जुन्या टंकांत ऱ्हस्व इकाराची खूण व्यंजनाच्या आधी टंकली जाई, तर युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते. त्यामुळे रूपांतरात वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. मराठीतील 'र'ची दोन रूपे हीसुद्धा नेहमीची अडचण आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन शब्दांत अर्थाचे अंतर मोठे आहे. पहिला गुरुजनांविषयी आहे, दुसरा स्वयंपाक्यांविषयी. रूपांतरात हा भेद पुसला गेला, तर वाक्याचा अर्थच पालटतो. 'ॲप' यांसारख्या शब्दांतील 'ॲ' या स्वराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्यापूर्वीच्या मजकुरात तो निरनिराळ्या प्रकारे लिहिलेला आढळतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला व अक्षरांची वळणे यांचे प्रमाणीकरण केले. तरीही 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे न दाखवता हिंदी वळणे दाखवणारी यंत्रे व टंक आजही आढळतात.

स्वरूपे

मराठी ई-पुस्तके मुख्यतः दोन स्वरूपांत मिळतात.

पीडीएफ: हे स्वरूप अडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणले. यात छापील पानाचे हुबेहूब चित्र राहते. जुने टंकही त्यात चालत असल्याने प्रकाशकांना ते सर्वांत सोपे पडले. परंतु भ्रमणध्वनीच्या छोट्या पडद्यावर अक्षर बारीक दिसते आणि ओळ वाचण्यासाठी पान इकडून तिकडे सरकवावे लागते.

ईपब: हे प्रमाण २००७ मध्ये स्वीकारले गेले व त्याची तिसरी आवृत्ती २०११ मध्ये आली. यात मजकूर पडद्याच्या रुंदीनुसार आपोआप जुळतो, अक्षरांचा आकार वाचकाला बदलता येतो, शब्द शोधता येतो व यंत्राकडून मजकूर वाचून घेता येतो. मात्र त्यासाठी मजकूर युनिकोडमध्येच असावा लागतो. किंडलचे स्वतःचे स्वरूप निराळे असले, तरी तेही याच तत्त्वावर चालते.

जुने दुर्मीळ ग्रंथ पान-पान छायांकित करून पीडीएफ केले जातात. अशा प्रतीत शब्द शोधता येत नाही. त्यासाठी अक्षरओळख करणारी साधने वापरून मजकूर वेगळा काढावा लागतो व माणसाने तो तपासावा लागतो. मराठी विकिस्रोत या प्रकल्पात स्वयंसेवक हेच काम करतात.

विक्रीचा विस्तार

मराठी पुस्तकांच्या आंतरजालीय विक्रीत पुण्यातील 'बुकगंगा' या संस्थेने महत्त्वाची भूमिका बजावली. मंदार जोगळेकर यांनी स्थापन केलेल्या या संकेतस्थळावर छापील पुस्तकांच्या जोडीने ई-पुस्तकेही विकली जातात व ती वाचण्यासाठी संस्थेचे स्वतंत्र ॲप आहे. अनेक प्रकाशकांची पुस्तके एकाच ठिकाणी मिळू लागल्याने लहान गावांतील आणि परदेशांतील वाचकांची सोय झाली. 'न्यूजहंट', म्हणजेच पुढील काळातील 'डेलीहंट', या बातम्यांच्या ॲपनेही भारतीय भाषांतील ई-पुस्तके अल्प किमतीत विकण्याचा प्रयोग केला. बँकेचे कार्ड नसलेल्या वाचकालाही भ्रमणध्वनीच्या शिल्लक रकमेतून पुस्तक घेता यावे, ही त्यामागील कल्पना होती. कालांतराने कंपनीने पुस्तकविक्री थांबवली.

ॲमेझॉनने भारतासाठी किंडल दुकान ऑगस्ट २०१२ मध्ये सुरू केले. त्यात मराठी पुस्तकांची रीतसर भर १ डिसेंबर २०१६ रोजी पडली. हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळम या भाषांचाही समावेश त्याच वेळी झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओच्या आगमनाने आंतरजालाचा वापर स्वस्त झाला होता. त्यामुळे मराठी ई-पुस्तक वाचण्याचे मुख्य साधन वाचनयंत्र न राहता भ्रमणध्वनी हेच ठरले. मार्च २०२० मधील टाळेबंदीत पुस्तकांची दुकाने, ग्रंथालये व कुरिअरसेवा ठप्प झाल्या, तेव्हा काही काळ ई-पुस्तक हाच नवीन पुस्तक मिळवण्याचा मार्ग उरला होता.

विक्रीचे आकडे मोजण्यात एक मूलभूत अडचण आहे. ॲमेझॉनसारख्या कंपन्या भाषावार विक्री जाहीर करत नाहीत. स्वतः प्रकाशित केलेल्या अनेक ई-पुस्तकांना आयएसबीएन हा आंतरराष्ट्रीय क्रमांकही नसतो, त्यामुळे ती ग्रंथसूचीत येत नाहीत. छापील पुस्तकाची लोकप्रियता 'इतक्या आवृत्त्या निघाल्या' या परिभाषेत सांगण्याची मराठीत प्रथा आहे. ई-पुस्तकाला आवृत्ती संपणे ठाऊकच नसल्याने ही फूटपट्टी तेथे लागू होत नाही.

कोल्हापूर आणि मराठी ई-पुस्तके

कोल्हापूरचा मराठी ग्रंथव्यवहाराशी जुना संबंध आहे. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० मधील आहे. मराठीतील मोठ्या प्रकाशनसंस्थांपैकी एक असलेले 'मेहता पब्लिशिंग हाऊस' अनिल मेहता यांनी कोल्हापुरात सुरू केले व पुढे ते पुण्यात स्थिरावले. त्यांचे पुत्र सुनील मेहता (निधन जानेवारी २०२२) यांनी संस्थेची पुस्तके ई-पुस्तकरूपात आणण्यात पुढाकार घेतला. कथा-कादंबऱ्या आणि अनुवाद यांची मोठी यादी असलेल्या प्रकाशकाने हा मार्ग धरल्यामुळे ई-पुस्तक म्हणजे केवळ हौशी लेखकांचे माध्यम, ही समजूत मागे पडण्यास मदत झाली.

ई-पुस्तकांच्या बाजारात मागणी असलेल्या मराठी कादंबरीकारांपैकी काही याच जिल्ह्याशी निगडित आहेत. ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी वि. स. खांडेकर यांचे दीर्घ वास्तव्य कोल्हापुरात होते. रणजित देसाई कोवाडचे, शिवाजी सावंत आजऱ्याचे, तर आनंद यादव कागलचे. या चौघांचेही साहित्य अद्याप स्वामित्वहक्काच्या कक्षेत आहे.

विनामूल्य ई-पुस्तके

मराठीत विनामूल्य ई-पुस्तकांचा प्रवाह विस्तृत आहे. 'ई साहित्य प्रतिष्ठान' ही सुनील सामंत यांनी सुरू केलेली संस्था लेखकांच्या संमतीने त्यांची पुस्तके पीडीएफ स्वरूपात वाचकांपर्यंत पोहोचवते. प्रकाशक न मिळालेल्या नवोदितांना तिच्यामुळे व्यासपीठ मिळाले. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली शेकडो प्रकाशने संकेतस्थळावर खुली केली आहेत. मराठी विश्वकोशाच्या नोंदीही आंतरजालावर मोफत वाचता येतात. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या प्रकल्पात छायांकित झालेले अनेक जुने मराठी ग्रंथ आज 'इंटरनेट अर्काइव्ह'वर आढळतात.

या प्रवाहाचा विक्रीवर दुहेरी परिणाम झाला. पडद्यावर मराठी वाचण्याची सवय त्याने लावली. त्याच वेळी 'पीडीएफ म्हणजे फुकट' अशी धारणाही रुजली. लेखकाने स्वेच्छेने दिलेली प्रत आणि कोणी परस्पर फिरवलेली प्रत यांतील फरक वाचकाच्या लक्षात राहिला नाही.

स्वामित्वहक्क आणि करार

भारतीय स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे त्याच्या साहित्यावर हक्क राहतो. १९९२ पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती. हरि नारायण आपटे व राम गणेश गडकरी (दोघांचे निधन १९१९) यांचे साहित्य त्यामुळे मुक्त आहे. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले, म्हणून त्यांचे साहित्य १ जानेवारी २०११ पासून मुक्त झाले. त्याची ई-आवृत्ती कोणालाही काढता येते. खांडेकरांचे निधन १९७६ मधील असल्याने त्यांच्या साहित्यावरील हक्क २०३६ च्या अखेरीपर्यंत आहेत.

खरा गुंता या दोन टोकांच्या मधल्या पुस्तकांचा आहे. विसाव्या शतकातील लेखक-प्रकाशक करारांत ई-पुस्तकाचा उल्लेख असण्याचे कारणच नव्हते. कित्येक व्यवहार तर एखाद्या पत्रावर किंवा केवळ शब्दावर झाले. २०१२ मध्ये अधिनियमाच्या कलम १८ मध्ये झालेली दुरुस्ती या संदर्भात महत्त्वाची आहे. हक्क हस्तांतरित करताना जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्या माध्यमाला ते हस्तांतर लागू होत नाही. करारात त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असल्यासच ते लागू होते. याशिवाय कलम १९ नुसार करारात मुदत लिहिलेली नसल्यास ती पाच वर्षे धरली जाते आणि भौगोलिक क्षेत्र लिहिलेले नसल्यास ते भारतापुरते मानले जाते. ई-पुस्तक जगभर एकाच वेळी विक्रीस येत असल्याने ही शेवटची तरतूद विशेष लक्षात घ्यावी लागते.

थोडक्यात, जुन्या पुस्तकाची ई-आवृत्ती काढण्यापूर्वी प्रकाशकाने लेखकाकडून किंवा त्याच्या वारसांकडून नव्याने लेखी संमती घेणे आवश्यक ठरते. वारस अनेक असतात, काही परगावी किंवा परदेशी असतात, काहींना आपल्याकडे हक्क आहे याचीही कल्पना नसते. अनुवादित पुस्तकात मूळ लेखक व अनुवादक या दोघांचे हक्क स्वतंत्रपणे पाहावे लागतात. बाजारात न मिळणारी, ग्रंथालयात जीर्ण झालेली आणि तरीही हक्कांच्या गुंत्यामुळे ई-रूपात न येऊ शकणारी पुस्तके मराठीत त्यामुळेच मोठ्या संख्येने आहेत.

किंमत, मानधन आणि कर

ई-पुस्तकाला कागद, छपाई, बांधणी, गोदाम व वाहतूक यांचा खर्च नसतो. संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ आणि रूपांतर यांचा खर्च मात्र असतोच. वाचकांच्या अपेक्षेमुळे किंमत छापील पुस्तकापेक्षा बरीच कमी ठेवावी लागते. याचा परिणाम लेखकाच्या मानधनावर कसा होतो, हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. ३०० रुपयांच्या छापील पुस्तकावर १० टक्के दराने लेखकाला ३० रुपये मिळतात. तेच पुस्तक ई-रूपात १०० रुपयांना विकले आणि दर १० टक्केच राहिला, तर लेखकाच्या हाती १० रुपये येतात. पूर्वीइतकेच ३० रुपये मिळण्यासाठी दर ३० टक्के असावा लागतो. म्हणूनच ई-हक्कांचा दर छापील पुस्तकाच्या दराहून वेगळा ठरवणे हा करारातील महत्त्वाचा मुद्दा असतो.

स्वतःचे पुस्तक थेट किंडलवर प्रकाशित करणाऱ्या लेखकाला ३५ किंवा ७० टक्के मानधनाचे पर्याय असतात. भारतातील विक्रीवर ७० टक्के मिळवण्यासाठी ते ई-पुस्तक अन्यत्र कोठेही उपलब्ध न करण्याची अट मान्य करावी लागते. वर्गणीच्या योजनेत लेखकाला प्रतीमागे पैसे मिळत नाहीत. वाचकाने वाचलेल्या पानांच्या संख्येवर त्याचे मानधन ठरते.

१ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा करात छापील पुस्तके करमुक्त राहिली, पण ई-पुस्तकांवर १८ टक्के कर आला. २७ जुलै २०१८ पासून तो ५ टक्के करण्यात आला. मात्र ही सवलत छापील आवृत्ती असलेल्या पुस्तकाच्या ई-आवृत्तीलाच देण्यात आली. केवळ अंकीय रूपात प्रकाशित होणारे पुस्तक तिच्या व्याख्येबाहेर राहिले.

अनधिकृत प्रती

व्हॉट्सॲप व टेलिग्राम यांवरून मराठी पुस्तकांच्या पीडीएफ प्रती सर्रास फिरतात. त्यांत अधिकृत ई-पुस्तकांपेक्षा छापील पुस्तके छायांकित करून तयार केलेल्या प्रती पुष्कळ असतात. म्हणजे ई-पुस्तक न काढल्याने चोरी टळते, असे म्हणता येत नाही. अधिनियमाच्या कलम ६३ नुसार स्वामित्वहक्काचा जाणीवपूर्वक भंग करणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षेची तरतूद आहे. कलम ६५अ अन्वये अंकीय कुलूप फोडणे हाही गुन्हा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शैक्षणिक साहित्याच्या एका प्रकरणात, अनधिकृत प्रती पसरवणाऱ्या वाहिन्यांची माहिती देण्याचा आदेश टेलिग्रामला दिला.

मराठीत एका आवृत्तीच्या साधारण हजार प्रती काढण्याची परंपरा होती व अलीकडे त्याहून कमी प्रतीही काढल्या जातात. एवढ्या लहान बाजारात काहीशे अनधिकृत प्रती फिरल्या, तरी दुसऱ्या आवृत्तीचा विचार बाजूला पडू शकतो.

मालकी आणि परवाना

छापील पुस्तक विकत घेणारा त्या प्रतीचा मालक होतो. ती तो मित्राला देऊ शकतो, रद्दीच्या दुकानात विकू शकतो किंवा मुलाबाळांसाठी ठेवू शकतो. ई-पुस्तकाच्या बाबतीत ग्राहक बहुधा वाचनाचा परवाना विकत घेतो. २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या वादामुळे जॉर्ज ऑर्वेल यांची विकली गेलेली पुस्तके ग्राहकांच्या किंडलवरून काढून टाकली होती व पैसे परत केले होते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा खरेदी केलेली पुस्तके वाचकांच्या हातून गेली व किंमत परत मिळाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने किंडल पुस्तके संगणकावर उतरवून घेण्याची सोय काढून घेतली. विक्री करणारी संस्था टिकली तरच पुस्तक टिकते, ही ई-पुस्तकाची मर्यादा यांतून दिसते. कुलूप नसलेल्या ईपब प्रतीला ही मर्यादा लागू होत नाही.

ग्रंथालये आणि जतन

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली शासनमान्य ग्रंथालयांचे मोठे जाळे आहे व मराठी प्रकाशनव्यवसायाचा ते मोठा आधार आहे. ही ग्रंथालये प्रामुख्याने छापील पुस्तके घेतात. व्यक्तिगत वाचनासाठी विकलेले ई-पुस्तक ग्रंथालयाला सभासदांमध्ये फिरवता येत नाही. त्यासाठी निराळा परवाना लागतो.

जतनाच्या दृष्टीने अंकीय प्रतीचे महत्त्व दक्षिण महाराष्ट्रात ठळकपणे जाणवले. ऑगस्ट २०१९ मधील महापुरात कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांची मोठी हानी झाली. सांगली नगर वाचनालयातील हजारो पुस्तके त्या पुरात नष्ट झाली. अंकीय प्रत असलेला दुर्मीळ ग्रंथ अशा आपत्तीत कायमचा नाहीसा होत नाही. उलट केवळ ई-रूपात निघालेल्या पुस्तकांच्या जतनाची कायदेशीर व्यवस्था अपुरी आहे. १९५४ च्या ग्रंथ प्रदान अधिनियमानुसार प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात. मात्र त्यातील पुस्तकाची व्याख्या छापील प्रकाशनांना धरून केलेली आहे.

दृष्टिबाधित वाचक

दृष्टिबाधित वाचकांसाठी ई-पुस्तक ही सोयीपेक्षा गरजेची बाब आहे. युनिकोडमधील मजकूर यंत्राकडून वाचून घेता येतो किंवा ब्रेलमध्ये बदलता येतो. छायांकित पीडीएफमध्ये हे शक्य होत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी सुलभ स्वरूपातील प्रत तयार करणे हा स्वामित्वहक्काचा भंग मानला जात नाही. या विषयावरील माराकेश करारास भारताने जून २०१४ मध्ये सर्वांत प्रथम अनुसमर्थन दिले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'सुगम्य पुस्तकालय' या आंतरजालीय ग्रंथालयात भारतीय भाषांतील अशी पुस्तके ठेवली जातात.

श्राव्य पुस्तके

नोव्हेंबर २०१७ मध्ये स्टोरीटेल या स्वीडिश कंपनीने भारतात सेवा सुरू केली, तेव्हा आरंभीच्या भाषांत मराठी होती. प्रवासात किंवा काम करता करता ऐकता येत असल्याने श्राव्य पुस्तकांना स्वतंत्र श्रोतृवर्ग लाभला. देवनागरी वाचण्याचा सराव नसलेल्या, पण मराठी समजणाऱ्या परदेशस्थ कुटुंबांतील नव्या पिढीलाही ती उपयोगी पडतात. श्राव्य हक्क ई-हक्कांहून वेगळे मानले जातात व करारात त्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागतो.